रविवारचं रीडिंग

मालेगाव म्हणजे आपलं वाशीम रोडवरचं, जहांगीरचं, नाशकाकडचं नव्हे. तिथे बसस्टँडच्या मागे एक गल्ली आहे आणि त्या गल्लीत दिवसाउजेडी दार लावून घ्यायची रीत नाही. लावलेलं दार दिसलं की लोक अंदाज बांधतात. घरचे गावाला गेले असतील, नाहीतर घरात कोणी आजारी असेल, नाहीतर शेजाऱ्यांशी बिनसलं असेल. याहून वेगळं कारण असू शकतं हे गल्लीला ठाऊकच नव्हतं. ते कारण पुण्याहून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून आलं आणि विमलबाईंच्या बैठकीतल्या भिंतीवर चढलं.

विमलबाई म्हणजे गल्लीच्या नर्सबाई. उभी नोकरी उपकेंद्रांतून झाली, काही वर्षं आसेगावच्या बाजूला आणि बाकीची मानोऱ्याकडच्या तांड्यांवर. तांड्यावर जन्मलेल्या लेकराचं वजन त्या आधी स्वतःच्या तळहातावर पेनाने लिहीत आणि केंद्रात आल्यावर कागदावर उतरवत. रिटायर झाल्या तरी सवय गेली नाही. बसचा टाइम, गोळ्यांचं नाव, कोणाचा फोन नंबर, सगळं तळहातावर. त्यांचे पंजाबराव म्हणायचे, "हिच्या हातावर नशिबाच्या रेघा कमी अन् शाई जास्त."

पंजाबराव एसटीत कंडक्टर होते. आवाज असा, की मागच्या सीटवर झोपलेला माणूस त्याच्या गावाच्या आधीच जागा व्हावा. रिटायर झाल्यावर एवढा आवाज न्यायचा कुठे? तो त्यांनी उन्हाळ्याच्या दुपारी कूलरशेजारी बसून गल्लीवर सोडला. कूलर मोठा, लोखंडी, सुरू झाला की घर हादरायचं. कूलरचं तंत्रच असं, की खिडकीतून आत आलेली ओली हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर घरात नुसती चिकचिक होते. म्हणून कूलर लावला की समोरचं दार सताड उघडं. आणि दार उघडं दिसलं की माणूस येणारच. समोरच्या चतुराबाई सुपात तुरीची डाळ घेऊन यायच्या. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून येऊन गल्लीत भाड्याने राहिलेली देवलाबाई चार घरची भांडी आटोपून यायची आणि फरशीवर पदर टाकून आडवी व्हायची. दारात नवीन सावली दिसली की पंजाबराव ओरडायचे, "या, या, जागा हाय! सरका वं पुढं, मधात उभ्या नोका राहू!" कूलरच्या घरघरीवर मात करायला सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागे. तिऱ्हाईताला वाटावं, आत भांडण पेटलंय.

मग पंजाबरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. ते वर्ष विमलबाईंनी नवऱ्याची नर्स होऊन काढलं. आतल्या खोलीत दुसरा कूलर बसवला. हिवाळा आला तसा खोलीत हीटर, अंघोळीच्या बादलीत रॉड, आणि माणसाला सोबत म्हणून टीव्ही दिवसभर चालू. लाईटचं बिल पाहून पंजाबराव डाव्या हाताने खुणेने विचारायचे, एवढं? विमलबाई म्हणायच्या, "होऊ द्या. तुमी काई इचार नोका करू." ऐन थंडीत ते गेले.

उत्कर्ष त्यांचा एकुलता एक. जलदान विधीपर्यंत राहिला आणि पुण्याला परतला. नोकरी सोडून कोणाला चालते? त्याची नोकरीही मोठी मजेची. मोठमोठ्या इमारतींत, होस्टेलांत, दवाखान्यांत जुने एसी, हीटर असतात; ते काढून त्या जागी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारी नवी भिंतीवरची मशीनं लावली, तर विजेचं बिल किती उतरेल याचा तो अंदाज काढून देतो. लोक त्या अंदाजावर पैसे गुंतवतात, म्हणून अंदाज चोख लागतो. आता त्यांच्या ऑफिसला इमारतींसोबत काही खरीखुरी घरंही हवी होती, रणरणत्या भागातली.

"आई, आपल्यासारखं घर मला पुण्यात शोधून सापडणार नाही," तो फोनवर म्हणाला. विमलबाईंना ते फार गोड वाटलं. त्याला म्हणायचं होतं, वर सिमेंटचा स्लॅब, पश्चिमेची भिंत तापलेली आणि मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, असं घर. पण आईने तो खुलासा ऐकूनही आपल्यापुरता पहिलाच अर्थ ठेवून घेतला.

होळी झाली आणि वाशीमहून धम्मरत्न मशीन बसवायला आला. चाळिशीतला, अंगाने आडवा, बोलायला मोकळा. त्याने जुना कूलर गच्चीवर चढवला, भिंतीवर मशीन टांगलं, बाहेर ओसरीच्या भिंतीला त्या मशीनपुरतं वेगळं छोटं मीटर लावलं आणि दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी ठोकली.

"काकू, हे दार-खिडक्या आता बंदच ठेवा लागते. सव्वीसवर लावून देल्लं, त्याले हात लावू नोका. अन् हिवाळ्यात हेच मशीन उलटं चालते. बाहेरच्या हवेत थोडीफार ऊब असतेच न, तेवढी ओढून आत आणते. रॉडवानी वीज जाळत नाई."

"थंडीतून ऊब ओढते?"

"ओढते न काकू. बाहेर असतेच ते. आपल्याले समजत नाई."

विमलबाईंना दार बंद ठेवण्याचं महत्त्व कोणी शिकवायला नको होतं. जन्मभर लसीचा डबा खांद्याला अडकवून त्या तांडे हिंडल्या होत्या. बर्फ भरलेल्या त्या डब्याचं झाकण उगीच उघडायचं नसतं, हे त्यांनी कितीतरी नव्या पोरींना दटावून सांगितलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं, कडी घातली आणि त्या गार डब्यात एकट्याच बसल्या.

रीडिंग खरं तर उत्कर्षच्या मोबाइलवर आपोआप जायचं होतं. पण विमलबाईंच्या घरात इंटरनेट पाहुण्यासारखं यायचं आणि चहा न घेताच निघून जायचं. शेवटी असं ठरलं, की दर रविवारी सकाळी तो फोन करेल आणि आईने मीटर पाहून आकडा सांगायचा. विमलबाई उठल्या उठल्या ओसरीत जाऊन आकडा तळहातावर लिहून ठेवत. मग फोन कधी वाजतो याची वाट.

"आई, रीडिंग?"

त्या आकडा वाचत.

"छान. अगदी अंदाजाबरोबर येतंय. जेवलीस?"

सकाळी दहा वाजता कोण जेवतं? पण त्या "हो" म्हणत. मागे सून मंजुषाचा मिक्सर सुरू असे, कुकरची शिटी होई, आणि फोन संपे. पंजाबराव असताना रविवारी हाच पोरगा बापाशी तासभर बोलायचा. एसटीच्या नव्या गाड्या, क्रिकेट, गावातलं राजकारण. आईच्या वाट्याला तेव्हाही शेवटची दोन वाक्यं यायची. आता बाप नव्हता आणि ती दोन वाक्यंच राहिली होती. त्यातलं एक मीटरचं.

पहिल्या काही दिवसांत चतुराबाई सूप घेऊन आल्या, लावलेलं दार पाहिलं आणि उंबऱ्यातूनच परत फिरल्या. विमलबाईंना पत्ताच नाही. मशीनचा आवाज होत नव्हता, पण काचा-पट्ट्यांमुळे बाहेरचंही आत येत नव्हतं. पुढे भाजीच्या गाडीवर दोघी समोरासमोर आल्या.

"काहो नर्सबाई, पुण्याले गेलत्या काय?"

"नाई वं. घरीच होतो मी."

"मंग दार काहून बंद?"

"एसी लावला न उत्कर्षनं. दार उघडं ठेवलं की गार हवा बाहीर जाते."

चतुराबाईंनी वांगी निवडता निवडता हात थांबवला. "अस्सं. म्हंजे आमी आलो की हवा बाहीर जाईन."

"तसं नाई वं चतुरा. तुमी या न. दार वाजवा."

"दार वाजवाले आमी काय पोस्टमन हाओ काय?" चतुराबाई हसून म्हणाल्या, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. या गल्लीत दार वाजवून कोणी कोणाकडे जात नाही. जो वाजवतो तो परका. विमलबाईंनाही हे ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी ते वाक्य बोलून टाकलं होतं. घरी आल्यावर भाजीची पिशवी तशीच ठेवून त्या बराच वेळ कॉटवर बसून राहिल्या.

त्या उन्हाळ्यात घर खरोखर गार राहिलं. अंगाला घाम नाही, घामोळं नाही, पाणी भरायची कटकट नाही. तक्रार करायला जागाच नव्हती आणि हेच वाईट होतं. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी पंजाबरावांचा फोटो, खाली टीव्ही, समोर त्या. मशीन इतकं मुकाट्याने चालायचं, की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. ते घड्याळ कित्येक वर्षं त्याच भिंतीवर होतं. त्याला आवाज आहे हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

हिवाळ्यात तर आणखी बरं झालं, म्हणजे आणखी वाईट. संध्याकाळ झाली की गल्लीच्या तोंडाशी शेकोटी पेटते. तुराट्या, पालापाचोळा, कोणी जुनं टायर टाकलं की शेजारचे बबनराव त्याला शिव्या घालतात. दरवर्षी विमलबाई शाल घेऊन तिथे जायच्या. त्या वर्षी घरात मशीन गरम हवा देत होतं आणि उत्कर्ष म्हणाला होता, "थंडीतला आकडा फार महत्त्वाचा आहे, आई. जास्तीत जास्त वेळ घरात राहा." खिडकीच्या काचेतून त्यांना शेकोटीचा उजेड दिसे, बबनरावांचे हातवारे दिसत, चतुराबाई हसताना मागे झुकलेल्या दिसत. ऐकू काही येत नसे. बाहेरची ऊब मशीन कशी ओढून आणतं हे धम्मरत्नने समजावलं होतं, पण ही ऊब त्याला ओढता येत नव्हती.

पुन्हा उन्हाळा आला. बबनरावांच्या पुतण्याचं लग्न निघालं, मांडव नेमका विमलबाईंच्या दारापासून सुरू झाला. दोन दिवस येणं-जाणं, कोणाला पाणी, कोणाला आरसा, कोणाला लेकरू निजवायला जागा. दार लावायचं भानच राहिलं नाही. मशीन बिचारं उघड्या दाराने अख्खी गल्ली गार करत बसलं.

रविवारी त्यांनी आकडा सांगितला.

"काय? परत सांग."

त्यांनी परत सांगितला.

"आई, काय झालं? बरं नव्हतं का तुला? सव्वीस बदललंस का? कोण आलं होतं?"

"लग्न होतं नं बाबू, बबनरावच्या पुतण्याचं."

"मग दार किती वेळ उघडं होतं? साधारण किती माणसं होती घरात? नीट आठवून सांग."

आणि विमलबाईंनी नीट आठवून सांगितलं. नवरी रिसोडची, तिची आजी आपल्याकडेच झोपली होती, तिला दमा आहे, किसनसिंग वाजंत्रीवाल्याने बाजा वाजवण्यावरून कसा रुसवा धरला, देवलाबाई नाचली, जेवणात मठ्ठा संपला आणि बबनराव पळत डेअरीवर गेले. उत्कर्ष मधूनच विचारायचा, "तेव्हा दुपार होती का?" आणि त्या पुढे सांगायच्या. मठ्ठ्यावर तर तो हसला. बापासारखाच, आधी नाकातून. फोन ठेवला तेव्हा विमलबाईंचा कान तापला होता. त्यांनी त्या कानाला हात लावला आणि तसाच धरून ठेवला.

आता खरं सांगायचं तर विमलबाईंना बचतीशी काही देणंघेणं नव्हतं. पेन्शन होती, खर्च तो काय. त्यांना फक्त रविवारचा फोन लांबायला हवा होता. आकडा बरोबर आला की "छान" एवढंच मिळतं, आणि आकडा बिघडला की पोरगा विचारतो: काय झालं, कोण आलं, बरी आहेस ना. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे आजार ओळखणाऱ्या बाईला एवढं निदान करायला वेळ लागला नाही. सोमवारी दुपारी त्यांनी मशीन सव्वीसवर लावलं, दार उघडलं आणि त्याला वरवंट्याचा टेकू दिला.

चतुराबाई लगेच आल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी आपल्या ओट्यावरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सूप घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "आज हवा बाहीर नाई जात काय?"

"जाऊ दे वं. तू आत ये."

त्या बसल्या. पण कूलर नसल्यामुळे ओरडायची गरज नव्हती आणि हळू बोलायची दोघींना सवय नव्हती. सुपातली डाळ सळसळायची तेवढीच. थोड्या वेळाने चतुराबाई म्हणाल्या, "भाऊजी असते तं म्हनले असते, काय मयतीत बसल्यावानी बसल्या!" दोघी हसल्या आणि मग दोघींनीही फोटोकडे पाहिलं नाही. तरी त्या येत राहिल्या. देवलाबाईही येऊन पडू लागली. पुढे चतुराबाईंची लेक बाळंतपणाला आली नाही, सासरीच राहिली, म्हणून त्याच तिकडे अकोल्याला गेल्या, महिन्यासाठी. देवलाबाई तांड्यावर गेली. वरवंटा मात्र दाराशी तसाच राहिला.

दर रविवारी आकडा चढत होता आणि फोन लांबत होता. कधी विमलबाई म्हणायच्या पाहुणे आले होते, कधी म्हणायच्या समजत नाही बापा. खोटं बोलताना त्यांना धाकधूक व्हायची, पण फोन ठेवल्यावर दिवस बरा जायचा. उत्कर्षने मशीनमधला गॅस गेला असेल म्हणून धम्मरत्नला पाठवलं. तो भर दुपारी आला तेव्हा त्याने आधी वरवंटा पाहिला, मग रिकाम्या खुर्च्या, मग काकूंना. गॅस तपासायचं नाटक त्याने इमानदारीने केलं.

"मशीन तं एकदम बढिया हाय काकू. अन् माह्यापाशी आता एक डबी हाय, मोबाइलचं सिमकार्ड टाकलं की रीडिंग आपोआप दादाले जाते. तुमाले दर रविवारी उन्हात मीटर पाहाले जायची गरजच नाई. लावून देऊ काय?"

"नोको," विमलबाई एवढ्या झटकन म्हणाल्या, की त्याच्या हातातला चहा हिंदकळला. "मी हाओ न सांगाले."

धम्मरत्नने डबी पिशवीत परत ठेवली. "मंग दादाले काय सांगू?"

"मशीन चांगलं हाय म्हणून सांग."

तेवढंच त्याने सांगितलं. आणि ज्याला मशीन चांगलं असून आकडा वाईट का, हे कळत नाही, तो माणूस स्वतः पाहायला येतो. उत्कर्षचं अकोल्याला एका दवाखान्याच्या इमारतीचं काम निघालं होतं. वाट थोडी वाकडी करून, न कळवता, तो दुपारी गल्लीत उतरला.

बाहेर चिटपाखरू नव्हतं. सगळ्या घरांचे कूलर घरघरत होते. त्यांच्या घराचं दार उघडं, त्याला वरवंटा लावलेला, आत मशीन सव्वीसवर, आणि आई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेली. हातात काही नाही. टीव्ही बंद.

"आई, कोण आलंय?"

विमलबाई दचकून उठल्या. "कोणी नाई."

"मग दार कशाला उघडं?"

त्यांना पाहुण्यांचं नाव घेता आलं असतं. पण पोरगा समोर उभा होता, घामाने डबडबलेला, बापासारखाच कपाळावरून बोट फिरवून घाम झटकत होता. त्याच्यासमोर खोटं जमेना.

"कोणी यावं म्हणून," त्या म्हणाल्या.

तो आत आला. पाणी प्याला, जेवला. विमलबाईंनी झुणका केला होता, त्याने तीन भाकरी खाल्ल्या, आणि मग कामाच्या माणसाला जे सुचतं तेच त्याला सुचलं. त्याने लॅपटॉप उघडला. "तू रागावू नकोस, पण तुला दाखवतो, दारामुळे काय होतं ते." पडद्यावर उंच-बुटके रंगीत खांब होते. "बचत कशी काढतात माहीत आहे? जुन्या सोयीने वर्षभरात किती वीज लागली ते घ्यायचं आणि नव्याने किती लागली ते त्याच्या शेजारी ठेवायचं. हे निळे खांब जुन्या वर्षाच्या बिलांचे. हे हिरवे मशीन आल्यावरच्या बिलांचे; तू सांगतेस ते रीडिंग त्यातला मशीनचा वाटा कळायला. बघ, पहिल्या वर्षी निम्म्याहून खाली आलं होतं. आमच्या सगळ्या घरांत आपलं घर पहिलं होतं, आई. साहेबांनी मीटिंगमध्ये दाखवलं. आणि आता हे बघ, दार उघडं ठेवल्यापासून."

विमलबाई हिरव्या खांबांकडे पाहतच नव्हत्या. त्यांनी चष्मा वर करून निळ्या खांबांवर बोट ठेवलं. शाईचा डाग असलेलं बोट.

"हे कोणतं वर्ष म्हनलं?"

"मशीनच्या आधीचं."

"म्हंजे तुह्या बाबाचं शेवटचं." बोट एकेका खांबावरून सरकलं. "हा दुसरा कूलर, आतल्या खोलीतला. हे हीटर. हे त्याहीचं गरम पानी, दोन टाइम अंग पुसाचं. अन् टीव्ही. हा सगळ्यात उंच हाय न, हा त्याहीचा शेवटचा महिना." त्यांनी बोट हिरव्या खांबांवर आणलं. "अन् या हिरव्यात ते नाईत. मंग बाबू, हे मशीननं वाचवलं काय? हे तं माणूस गेल्यानं वाचलं."

लॅपटॉपचा पंखा फिरत होता. उत्कर्ष दुसऱ्यांच्या घरी गेला, की पहिला प्रश्न तो हाच विचारत असे, घरात माणसं किती, आणि वर्षात कमी-जास्त झाली का. झाली असतील तर जुना हिशोब तेवढा उतरवून घ्यायचा, हे त्यानेच नव्या पोरांना शिकवलं होतं.

"तू दोन्ही वर्षांत माणसं दोनच धरले न?" विमलबाईंनी विचारलं. आवाजात ठपका नव्हता.

पुण्यात जाऊन त्याची भाषा केव्हाच घासूनपुसून निघाली होती. पण आता ती कुठल्या कुठे गेली.

"मले तिथं एक लिहवलंच नाई, आई."

विमलबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडला नाही. पाठ मात्र बराच वेळ ताठ राहिली. मग त्याने लॅपटॉप मिटला, नाक ओढलं आणि पुन्हा पुण्याचा झाला.

"हे घर आता यादीतून काढावं लागेल. आधीचं वर्ष धरता येत नाही, आताचं दारामुळे धरता येत नाही. मी सोमवारी ऑफिसला सांगतो. तू आता दार उघडं ठेव, बंद ठेव, तुला हवं तसं. रीडिंगची झंझट संपली तुझी."

त्याने हे आईची सुटका म्हणूनच सांगितलं. पोरगा वाईट नव्हता. विमलबाई म्हणाल्या, "बरं. काढ."

ऊन उतरल्यावर तो निघाला. आईच्या पाया पडला, ओसरीत बूट चढवले, आणि जाता जाता सवयीने वरवंटा पायाने बाजूला सारून दार ओढून घेतलं. रबराची पट्टी फरशीला घट्ट बसली. विमलबाई आतल्या बाजूला उभ्या होत्या. गाडी सुरू झाल्याचं त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी दार उघडलं तेव्हा गल्ली रिकामी होती.

त्या आठवड्यात त्यांनी मशीन लावलंच नाही. नुसता पंखा, आणि दार उघडं. चतुराबाईंना यायला अजून वेळ होता.

रविवारी उठल्या आणि पाय आपोआप ओसरीत गेले. मीटरचा आकडा जिथल्या तिथे होता, तरी त्यांनी तो तळहातावर लिहिला. मग स्वतःलाच म्हणाल्या, कायले लिहलं वं विमल? घर तं काढलं. दहा वाजले. त्या डाळ निवडायला बसल्या. साडेदहा झाले. फोन त्यांनी कॉटवर पालथा ठेवला होता, म्हणजे त्याच्याकडे पाहिल्यासारखं होणार नाही. दुपारच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं, तेव्हा तो वाजला.

"आई."

"बोल बाबू."

"रीडिंग..." एवढं बोलून उत्कर्ष थांबला. त्याच्या लक्षात आलं होतं. मागे आज मिक्सर नव्हता, कुकरही नव्हता. तो कुठेतरी गच्चीवर वगैरे येऊन बोलत असावा. तो काहीतरी शोधत होता आणि त्याला सापडत नव्हतं. विमलबाईंनाही सापडेना. दोघांच्या मध्ये इतकी वर्षं पंजाबराव बोलत होते, आणि त्यांच्यानंतर मीटर.

"ते घर तं काढलं न?" शेवटी त्याच म्हणाल्या.

"हो, काढलं."

"मंग?"

"तरी सांग," उत्कर्ष म्हणाला.

पिठाच्या हातावर शाईचा आकडा तसाच होता, त्यांना दिसत होता. त्यांनी मूठ मिटली.

"थांब हं," विमलबाई म्हणाल्या, "मी पाहून येते. फोन ठेवू नोको."

"नाई ठेवत. जा पाहून."

फोन कानाला तसाच धरून त्या उठल्या आणि उघड्या दारातून ओसरीकडे अगदी सावकाश निघाल्या.